प्रदर्शनात मोजमापालाही गुण द्या

महोदय,

यावल तालुक्यात गेली ३१ वर्षं मी विहिरीच्या मोटारी भरतो, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळतो. माझी नात आठवीत आहे. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने केळीच्या बागेत, ठिबकच्या नळीखाली, ओल्या मातीत तांब्याची तार आणि जस्ताची पट्टी रोवली. तार माझ्याच दुकानातली, जळक्या मोटारीची. तिच्यावरचं इनॅमल खरवडायचं राहून गेलं, म्हणून दोन दिवस मीटरचा आकडा हललाच नाही. तिसऱ्या दिवशी पॉलिश पेपर मारला आणि ०.८ व्होल्ट दिसले.

पट्टी तिने आधीच सोनाराच्या काट्यावर तोलून ठेवली होती. वीस दिवसांनी धुऊन, वाळवून पुन्हा तोलली तर १ ग्रॅम १०० मिलिग्रॅम घट. तिने तक्त्यावर लिहिलं, ‘वीज मातीची नाही, जस्ताची आहे. जस्त झिजतं.’ खाली हिशेब मांडला: जोडणी केल्यावर एक सेल (तार आणि पट्टीची एक जोडी) अर्धा व्होल्ट, एक मिलिअँपिअर देतो, ५ वॉटच्या मोबाइल चार्जरइतकी वीज हवी तर असे १०,००० सेल लागतील.

परीक्षक म्हणाले, “मग उपयोग काय?” शेजारच्या ‘मातीतून फुकट वीज, आयुष्यभर’ या मॉडेलला पहिला नंबर मिळाला. त्या मुलानेही मेहनत केली होती, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जस्ताचं वजन कोणी विचारलंच नाही, याचं फार वाईट वाटलं.

उपयोग आहे, साहेब. वीज येते कुठून, ते कळतं. थंडीत भरताची वांगी भाजताना आम्ही आराजवळ लोखंडी पत्रा तापवला, त्यावर पेल्टिअरची, म्हणजे उष्णतेपासून वीज देणारी, चार सेंटिमीटरची चौकोनी पट्टी आणि वर पाण्याची अ‍ॅल्युमिनियमची वाटी ठेवली. (पट्टी थेट विस्तवावर ठेवू नये, आतलं सोल्डर वितळतं.) लाल एलईडी लागला. पाणी कोमट होत गेलं तसा मंदावला. माठातलं गार पाणी ओतलं की पुन्हा उजळला. आच तेवढीच होती. वीज दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकावर मिळते, हे पोरीला तिथेच उमगलं. झीबेक या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये हेच पाहिलं होतं, आणि १९७७ मध्ये सुटलेल्या व्हॉयेजर अवकाशयानांची वीज याच तत्त्वावर तयार होते.

शिक्षण विभागाला विनंती, की पुढच्या प्रदर्शनात मोजमापासाठी वेगळे गुण ठेवावेत आणि परीक्षकांच्या हाती मल्टिमीटर द्यावा. मीटर कमी पडले तर माझ्या दुकानातले चार मी स्वतः घेऊन येईन.

– एक मोटार रिवायंडिंग कारागीर, ता. यावल, जि. जळगाव