विजूची पट्टी

कोल्हापूर,
दिवाळी पाडवा

प्रिय विजू,

स. न. वि. वि. भावा, तुझी पट्टी पुन्हा निघाली!

कॉलेजात असताना तू आबांच्या गुळाच्या अडतीसाठी टर्बो पास्कलमध्ये, म्हणजे त्या काळच्या प्रोग्रामिंगच्या साधनात, प्रोग्राम लिहिला होतास. रवे म्हणजे ढेपा, वजन, दर घातला की अडत, हमाली, तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती, तयार. तो काल रात्री माझ्या नव्या लॅपटॉपवर चालला. २०१९ च्या पुरात तळमजल्यावरचा आपला जुना ४८६ संगणक गेला, पण फ्लॉप्या माडीवर ट्रंकेत होत्या म्हणून वाचल्या.

आधी विंडोजनं दारातच अडवलं. ६४ बिटी विंडोजवर डॉस या जुन्या प्रणालीचे १६ बिटी प्रोग्राम चालतच नाहीत. म्हणून डॉसबॉक्स टाकला. तो लॅपटॉपच्या पोटात जुना पीसी उभा करतो, प्रोसेसरपासून साउंड कार्डापर्यंत. जोरात पळावं म्हणून मी त्याच्या सायकल्स, म्हणजे नकली प्रोसेसरचा वेग, मॅक्सवर ठेवल्या, आणि पडद्यावर आलं, 'रनटाइम एरर २००'.

आठवतंय? पेंटियम टू हा वेगवान संगणक घेतला तेव्हाही हेच आलं होतं. दुकानदार म्हणाला, प्रोग्रामच खराब आहे, आणि तू कितीतरी दिवस आमच्याकडे फिरकला नाहीस. विजू, तुझं काही चुकलं नव्हतं रे. टर्बो पास्कलचं सीआरटी युनिट, म्हणजे पडदा नि कळफलक सांभाळणारा तयार कोड, सुरुवातीलाच मशीनचा वेग मोजतं. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत, रिकामं लूप किती वेळा फिरलं ते मोजायचं आणि ५५ नं भागायचं. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५ च्या आत बसायला हवं. मशीन वेगवान झालं, आकडा फुगला, उत्तर मावेना, प्रोग्राम तिथंच बंद. तुझ्या हिशेबापर्यंत गाडी पोचतच नव्हती. हे तेव्हाच कळलं असतं तर तुझ्या मनाला ते लागून राहिलं नसतं.

सायकल्स ३००० वर आणल्या आणि निळा पडदा उघडला, माथ्यावर रोमन अक्षरांत 'श्री महालक्ष्मी प्रसन्न'. आबांना हाक मारली. त्यांनी चष्मा न शोधताच एफ-टू दाबलं. बोटाला अजून पाठ आहे! मग १९९६ च्या हंगामातल्या पट्ट्या एकेक उघडून नावं मोठ्यानं वाचत बसले. आज मुहूर्ताच्या सौद्यांनाही त्यामुळं उशिराच गेले.

छपाई साध्या डॉसबॉक्समधून होत नाही, त्यासाठी त्याचीच वाढीव आवृत्ती डॉसबॉक्स-एक्स लावतोय.

आता एकच कर. प्रोग्रामचा मूळ पास्कल कोड असलेली फ्लॉपी तुझ्याकडेच आहे. ती मिळाली तर फ्री पास्कल या आजच्या कंपायलरवर पुन्हा कंपाइल करून, म्हणजे आजच्या मशीनसाठी नव्यानं तयार करून, बघू. शोध, आणि कुरिअर करू नकोस, स्वतः घेऊन ये. आबा वाट बघतायत.

तुझाच,
बाळू