आभार, नावं माहीत नसलेल्यांचे

आमच्या श्वान पथकाला बूट आणि कूलिंग जॅकेटं पाठवणाऱ्या मंडळींनो, खोक्यावर नावच नव्हतं म्हणून इथं लिहितोय. मे महिन्याच्या बंदोबस्तात डांबर कसं तापतं ते अनवाणी उभं राहून बघा एकदा, आणि कुत्र्याला घाम येतो तो जवळपास पंजांनाच, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. मुंबई पोलिसांच्या झंजीर कुत्र्याचं नाव सगळ्यांना ठाऊक, १९९३ च्या मुंबई स्फोटांच्या वेळी आरडीएक्स शोधलं त्याने, कौतुक होतं ते ठीकच, पण पायात काय घालायचं हे सुचलं तुम्हालाच!

आणि खोकं यायच्या आधी, भर दुपारी आमची लॅब्राडॉर कुत्री लटपटून बसली, जीभ लालभडक, लाळ चिकट, तेव्हा रसवंतीवाल्या मावशींनी भरलेली कळशीच पुढे केली (बर्फ नाही, साधं पाणी, पोटावर नि मांड्यांत ओतायचं आणि वारा घालायचा), रिक्षावाल्या दादांनी मीटर न टाकता दवाखाना गाठला, अन् डॉक्टर मॅडम जेवणावरून उठून आल्या आणि सलाईन लावली. ताप १०६ होता हो.

आता ठणठणीत आहे. बूट घालून पहिल्या दिवशी बगळ्यासारखी पाय उचलत चालली, सगळं पथक हसून बेजार. मागचे दोन जरा सैल होतात, पट्टी लावलीय मी.