पायदळात बाई नको, हे ठरवायचं कशावरून?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. गेले काही दिवस तुमच्या पत्रांच्या पानावर बायकांनी पायदळात, रणगाड्यावर, थेट समोरासमोरच्या लढाईत जावं की नाही यावर वाद चाललाय, तो मी रोज वाचतेय आणि वाचता वाचता जीव इतका अस्वस्थ होतो की शेवटी लिहायलाच बसले. मी स्वतः सैन्यात नव्हते हे आधीच सांगते. पण सव्वीस वर्षं मुलामुलींना शारीरिक शिक्षण शिकवलंय, त्यातली कितीतरी पोरं पुढे गणवेशात गेली, काही मुलीही गेल्या. त्यामुळे दम कशाला म्हणतात, पाठीवर वजन घेऊन चालताना शरीर आधी कुठे बोलायला लागतं, मुलगी खरंच कुठे कमी पडते आणि कुठे नुसतं कमी पडली असं म्हटलं जातं, हे मी जवळून बघितलंय.

एका वाचकांनी लिहिलं होतं की लेकीबाळींना आगीत कशाला लोटायचं. त्यांची माया कळते मला, पण त्यात ते एक गोष्ट धरूनच चाललेत की बंदी घातली की बाई आगीपासून लांब राहते. तसं होत नाही हो. अमेरिकेत १९९४ पासून नियम होता, जमिनीवरच्या थेट लढाईच्या तुकड्यांमध्ये बायकांना नेमायचं नाही. हा नियम लागू असतानाच २३ मार्च २००३ ला इराकमध्ये त्यांच्या ५०७ व्या मेंटेनन्स कंपनीचा ताफा रस्ता चुकला आणि नासिरिया शहरात जाऊन चहूबाजूंनी घेरला गेला. मेंटेनन्स कंपनी म्हणजे गाड्या दुरुस्त करणारे, सामान बघणारे, जेवण बनवणारे लोक. ११ जण गेले, त्यात लोरी पिएस्टेवा ही बाई होती. शोशाना जॉन्सनची नोकरी स्वयंपाकाची, तिच्या दोन्ही घोट्यांत गोळ्या लागल्या आणि २२ दिवस ती कैदेत होती. जेसिका लिंच सामानाचा हिशेब ठेवणारी क्लार्क, तिची रायफल ऐन वेळी जाम झाली, आणि अशा जाम झालेल्या रायफली तिथे आणखीही होत्या. या तिघींपैकी एकीचीही नेमणूक लढाईची नव्हती. म्हणजे नियमाने त्यांना वाचवलं तर नाहीच, उलट तुम्हाला लढायचंच नाहीये असं समजून ज्यांना तयार केलं गेलं होतं त्याच लोकांवर लढायची वेळ आली.

दुसरं उदाहरण तर मला आजही अस्वस्थ करतं. मोनिका ब्राउन नावाची अमेरिकेचीच जेमतेम १८ वर्षांची मेडिक, म्हणजे जखमींवर जागेवरच उपचार करणारी सैनिक, २००७ मध्ये अफगाणिस्तानातल्या पक्तिका भागात गस्तीवर होती. गाडी स्फोटात सापडली, ती गोळीबारातून धावत जखमींपर्यंत गेली, मॉर्टरचे तोफगोळे पडत असताना जखमींच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं, त्यांना वाचवलं. तिला सिल्व्हर स्टार मिळाला, मोठं पदक आहे ते. आणि त्या चकमकीनंतर थोड्याच दिवसांत तिला त्या तुकडीतून काढून मागे पाठवलं, कारण नियमात बाईला तिथे राहायची परवानगी नव्हती! जिथे तिने दोन जीव वाचवले तिथे ती असायलाच नको होती म्हणे. बरं गस्तीला मेडिक हवा होता, दुसरा नव्हता, म्हणून तर तिला नेलं होतं. तेव्हा शब्दांची पळवाट काढलेली असायची, बाईला लढाऊ तुकडीत ‘नेमायचं’ नाही, फक्त ‘जोडायचं’. तिथल्या घरांतल्या बायकांची झडती घ्यायला, त्यांच्याशी बोलायला सैनिक बाई लागायचीच, मग पायदळाच्या गस्तीला अशा बायका जोडून द्यायचे. गोळी लागायची ती सारखीच, पण पायदळाचं ट्रेनिंग नाही, बढतीच्या वेळी लढाईचा अनुभव कागदावर नाही, हुद्दा नाही.

म्हणून मला वाटतं की बाईला आगीत पाठवायचं का हा प्रश्नच चुकीचा आहे, ती आगीत आहेच. आगीत जाणाऱ्या बाईला पूर्ण ट्रेनिंग द्यायचं की अर्धवट, एवढंच काय ते आपल्या हातात आहे.

आता ताकदीचं. इथे मी माझ्या बाजूच्या लोकांवरही थोडी नाराज आहे, कारण ते हा मुद्दा टाळतात किंवा काहीच फरक नसतो असं ठोकून देतात. फरक असतो. खांदे, छाती, हातांची ताकद यात सरासरी बाई आणि सरासरी पुरुष यांच्यात मोठं अंतर आहे, हाडांच्या जाडीत आहे, आणि पायदळाचा सैनिक ३०-४० किलो अंगावर घेऊन मैलोनमैल चालतो, ते काही भाषणाने हलकं होत नाही. अमेरिकन मरीन कोअरने २०१५ मध्ये नुसत्या पुरुषांच्या आणि मिश्र अशा तुकड्या करून महिनोन्महिने चाचणी घेतली, त्यात ६९ टक्के कामांमध्ये नुसत्या पुरुषांच्या तुकड्या सरस ठरल्या आणि दुखापतीचं प्रमाण बायकांमध्ये ४०.५ टक्के तर पुरुषांमध्ये १८.८ टक्के निघालं. विरोध करणारे हे आकडे देतात, आणि आकडे खरे आहेत, मी ते लपवणार नाही.

पण सरासरी कधी भरतीला जात नाही, भरतीला एकेक माणूस जातो. माझ्या हाताखाली जी मुलं गेली त्यातली निम्मी पायदळाच्या कामाची नव्हती, हे मला त्यांच्या तोंडावर सांगावं लागलंय, आणि ती मुलं होती मुली नव्हेत. कुणी सगळ्या बायकांना पायदळात घ्या असं म्हणतच नाहीये. जी पास होईल तिला घ्या, एवढंच. २०१५ च्याच ऑगस्टमध्ये क्रिस्टन ग्रीस्ट आणि शे हेव्हर अमेरिकेच्या रेंजर स्कूलमधून, म्हणजे सैन्याच्या अतिशय खडतर प्रशिक्षणातून पास झाल्या, जिथे निम्म्याहून जास्त पुरुष गळतात, आणि त्यांच्यासाठी नियम सैल केले नव्हते.

दुखापतीचं मात्र मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण हे मी स्वतः हाताने चाचपून बघितलंय. माझी एक विद्यार्थिनी होती, उंची पाच फुटांच्या जरा वर, पळायला वाऱ्यासारखी. भरतीच्या तयारीसाठी ती एका दुसऱ्या प्रशिक्षकांकडे जायची, तिथे सगळ्यांना एका रांगेत एका तालात चालवायचे, पुढे सहा फुटी मुलगा आणि त्याच्या पावलाला पाऊल जुळवायला ही प्रत्येक पावलाला कंबरेतून ताणून टाच आपटायची, पाठीवर वाळूची पिशवी. दोन महिने तिची नडगी दुखत होती आणि ती बोलली नाही. सकाळी उठल्यावर आधी गरम पाण्याने शेकायची, वर घट्ट पट्टी, त्यावर मोजे, म्हणजे कुणाला दिसू नये. मी एकदा सहज पाय दाबून बघितला तर एका बोटाएवढ्या जागेवर ती एकदम कळवळली, एक्स-रे काढला तर हाडाला बारीक चीर. मी ओरडले तिला, सांगितलं का नाहीस म्हणून. तर म्हणाली, मॅडम, मुलगा लंगडला तर त्याला लागलं म्हणतात, मी लंगडले तर मुलींना जमत नाही म्हणतील.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि हे तिच्या एकटीचं नव्हतं. ब्रिटिश सैन्यातही बुटक्या मुलींना उंच पुरुषांच्या पावलात चालायला लावल्यामुळे ओटीपोटाजवळच्या हाडांना चिरा पडतात हे लक्षात आलं, आणि पाऊल आखूड केलं, रांग बदलली, तर त्या दुखापती कमी होतात. म्हणजे दुखापतीचा काही भाग शरीराचा आहे, आणि काही भाग शरीराचा नाहीच, पद्धतीचा आहे. बुलेटप्रूफ जॅकेटचं तेच. पुरुषाच्या मापाचं जॅकेट बुटक्या बाईला घातलं की गाडीत बसल्याबरोबर आतली प्लेट खालून मांडीवर टेकते आणि वरून हनुवटीपर्यंत येते, खांद्याशी इतकं रुंद की रायफलचा दस्ता खांद्यात नीट बसत नाही, मग नेम चुकणारच ना. अमेरिकेत बायकांच्या मापाची जॅकेटं प्रत्यक्ष तुकडीला मिळाली ती २०१३ च्या सुमारास, तोपर्यंत इराक आणि अफगाणिस्तान मिळून दहा वर्षांहून जास्त युद्ध होऊन गेलं होतं. चुकीच्या मापाच्या बुटात पळवायचं आणि मग बघा हिला पळता येत नाही म्हणायचं, हा अन्याय आहे.

निकषांबद्दल माझं मत स्पष्ट आहे आणि ते काही मैत्रिणींना आवडत नाही. लढाऊ कामासाठी निकष एकच पाहिजे, बाईला वेगळा पुरुषाला वेगळा नको. जखमी साथीदाराला ओढून नेताना त्याचं वजन कमी होत नाही. अमेरिकेने २०२५ मध्ये २१ लढाऊ कामांसाठी फिटनेस टेस्टमध्ये बाई-पुरुष एकच मार्क ठेवले, तत्त्व म्हणून मला ते बरोबर वाटतं. पण निकष कामावरून ठरवा, बाहेर ठेवायच्या हेतूने नको. तोफगोळा उचलायचा असेल तर तोफगोळ्याचं वजन मोजा, किती वेळात किती उचलायचे ते मोजा, उगाच जोर काढायची संख्या वाढवून ठेवू नका ज्याचा त्या कामाशी संबंध नाही. आणि मग त्या निकषावर पन्नासातल्या दोनच मुली बसल्या तरी चालतील, त्या दोघींना कुणी मेहेरबानी केली म्हणू शकणार नाही.

तुकडीतला एकोपा बिघडतो, पुरुषांचं लक्ष जातं, हे वर्षानुवर्षं ऐकतोय. कॅनडाने १९८९ मध्ये लढाऊ कामं बायकांना उघडली, नॉर्वेने तर १९८५ मध्येच. त्यांची सैन्यं मोडली नाहीत. कॅनडाची कॅप्टन निकोला गोडार्ड १७ मे २००६ ला अफगाणिस्तानात तोफखान्याचा मारा कुठे करायचा ते सांगत पुढे उभी होती, त्या लढाईत ती गेली, वय २६. त्यानंतर कॅनडाने बायकांना मागे बोलावलं नाही. नॉर्वेने २०१४ मध्ये फक्त मुलींची स्पेशल फोर्सेसची तुकडी काढली, कारण अफगाणिस्तानात पुरुष सैनिकांना तिथल्या बायकांशी बोलताच येत नव्हतं, म्हणजे अर्ध्या वस्तीची माहितीच मिळत नव्हती. आणि भारतात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरकारतर्फे असं मांडलं गेलं की जवान बहुतेक ग्रामीण भागातले, बाईचा हुकूम मानायची त्यांची मनाची तयारी नाही. कोर्टाने ते फेटाळलं. मला त्या जवानांच्याच वतीने वाईट वाटलं, कारण माझी गावाकडची मुलं माझा हुकूम मानून सव्वीस वर्षं पहाटे पाचला पळाली. २०२३ पासून भारतात तोफखान्यात महिला अधिकारी आहेत, पायदळ आणि रणगाडे मात्र अजून बंद.

कैदेत पडली तर काय होईल, हा प्रश्न मी हलका मानत नाही, आई म्हणून तर अजिबात नाही. पण कैदेत पुरुषांचाही छळ होतो, लैंगिक छळसुद्धा, त्याबद्दल बोलत नाहीत एवढंच. आणि ज्यांना बाईच्या अब्रूची एवढी काळजी आहे त्यांनी आधी स्वतःच्या छावणीत, स्वतःच्याच गणवेशातल्या माणसाकडून तिला त्रास झाला तर तक्रार कुणाकडे करायची, तक्रार केल्यावर तिची बदली होते की त्याची, यावर एक पत्र लिहावं. मी वाट बघतेय अशा पत्राची, अजून एकही आलेलं नाही.

ती नडगीवाली मुलगी सहा महिन्यांत बरी झाली. आम्ही तिला तिच्या स्वतःच्या पावलाने चालवलं, वजन आठवड्याला थोडं थोडं वाढवलं, आणि शेवटी तिने सत्तर किलोच्या मुलाला खांद्यावर घेऊन मैदान पार केलं, हातांनी उचलायला जायची तेव्हा जमत नव्हतं, खाली बसून कमरेतून उठायला शिकली तेव्हा जमलं. आज ती गणवेशात आहे, पायदळात नाही, तिच्यासाठी ते दार बंदच होतं. मागच्या सुट्टीत भेटायला आली तेव्हा विचारत होती, मॅडम, समजा उघडलं तर तोपर्यंत माझं वय बसेल का.

आपली नम्र,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका