टायर बदलण्याआधी हात फिरवून बघ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेला गोटा झालेत आणि बाहेरून नक्षी चांगली दिसतेय, असं तू लिहिलंस. लगेच नवे टाकू नकोस. कारण हाती लागलं नाही तर नवेही असेच खाल्ले जातील.

हवेचा दोष इथे मुख्य वाटत नाही. हवा कमी असली की दोन्ही कडा झिजतात, जास्त असली की मधला पट्टा. तरी टायर थंड असताना हवा मोज. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा धर. टायरवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, बरेच जण तोच भरतात.

आता स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळव, म्हणजे आतली कड समोर येईल. तारा बाहेर आल्या असतील तर हात लावू नकोस आणि त्या टायरवर गाडीही चालवू नकोस. नसतील तर तळवा नक्षीवरून आडवा फिरव, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. हात दोन्ही दिशांनी फिरवताना झीज सारखीच गुळगुळीत लागली तर कॅम्बरचा, म्हणजे चाक उभ्या रेषेतून आत-बाहेर कलल्याचा, संशय घे. बाहेरून आत येताना करवतीसारख्या धारा बोचल्या आणि उलट जाताना हात सहज सरकला, तर टो-आउट, म्हणजे चाकांची तोंडं बाहेर फाकलेली आहेत. (गोलाईत ठरावीक अंतरावर खोलगट चट्टे असते तर मी आधी शॉकअप आणि बॅलन्सिंग बघायला सांगितलं असतं.)

पण थेट अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे हे कोन जुळवून घ्यायला, जाऊ नकोस. ढिल्या जोडांवर केलेलं अलाइनमेंट टिकत नाही. सपाट जागी मागच्या चाकांना अडण लाव, पुढचं चाक जॅकने उचल आणि गाडी स्टँडवर टेकव. चाक वर-खाली धरून हलव. खेळ, म्हणजे ढिलेपणा, असेल तर कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांग. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बहुधा बॉल जॉइंट (चाकाचा भाग आर्मला जोडणारा गोल सांधा). मग डावी-उजवीकडून धरून हलव. इथला खेळ बहुतेक टाय रॉड एंडचा (स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा) किंवा स्टेअरिंग रॅकच्या आतल्या जोडाचा असतो.

लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे त्याच्या जोडातली रबरं, मात्र टॉर्च घेऊन नीट बघ. रबर चिरलं असेल तर ब्रेक मारल्यावर आर्म मागे सरकतो आणि टो, म्हणजे चाकांच्या तोंडांची दिशा, बिघडतो. उभ्या गाडीत अलाइनमेंटच्या मशीनवर आकडे बरोबर येतात, रस्त्यावर टायर घासतच राहतो. माझा सगळ्यात जास्त संशय यावरच आहे.

ढिले भाग बदलल्यावर चारही चाकांचं अलाइनमेंट कर, आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही छापील कागद माग. कॅम्बर जुळवला तर टो त्यानंतरच जुळवायचा, कारण कॅम्बर हलला की टोही हलतो. बऱ्याच गाड्यांत कॅम्बर जुळवायची सोयच नसते. तिथे आकडा मर्यादेबाहेर दिसला तर स्ट्रट (शॉकअपचा खांब), नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) किंवा आर्म वाकलाय का ते तपासायला लाव.

चारही चाकांचं माप एकच असेल तर नवे दोन टायर मागे आणि मागचे पुढे घे, म्हणजे ओल्या रस्त्यावर गाडीची शेपूट सुटणार नाही. अर्थात मागच्यांची खाच झीज दाखवणाऱ्या 1.6 मिमीच्या खुणेपेक्षा बरीच खोल हवी.

बुशचे आणि दोन्ही कागदांचे फोटो पाठव. आकडे बघून कळवतो.

तुझा,
मित्र