काकू, तो निबंध तुमच्या ओट्यापाशी लिहिला गेला

प्रिय काकू,

सादर नमस्कार.

मेडिकल स्कूल सुरू होऊन तीन आठवडे झाले. तुम्हाला फोनवर 'थँक यू' म्हटलं होतं, पण ते पुरेसं नव्हतं. आणि इथे न्यू जर्सीत माझ्यासारखी बरीच मराठी मुलं पुढच्या वर्षीच्या अर्जाला लागली असतील, त्यांनाही हे कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी लॅपटॉप घेऊन तुमच्याकडे आले, तेव्हा तुम्ही मेथी निवडत होतात. "डॉक्टर व्हायला निबंध कशाला लागतो गं?" हा तुमचा पहिला प्रश्न. तुमचा नातू तिकडे सांगलीत नीटच्या ७२० मार्कांच्या मागे होता, तिथे निबंधाचा प्रश्नच नाही. इथे ॲमकासच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या सामायिक अर्जात ५,३०० अक्षरांपर्यंतचा मुख्य निबंध असतो, त्यात दोन शब्दांमधली रिकामी जागासुद्धा मोजतात. शिवाय ज्यांच्या आयुष्यात मोठी अडचण आली असेल, त्यांनी ती १,३२५ अक्षरांत सांगायची. पुढे एकेक कॉलेज आपापले प्रश्न पाठवतं, आणि त्यातही पुष्कळदा हेच विचारतात: संकट कोणतं आलं, तुम्ही काय केलंत?

माझ्याकडे संकट होतं. बाबांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. मी ते सगळं इंग्रजीत लिहून काढलं होतं, आणि मला ते फार छान जमलंय असं वाटत होतं. तुम्ही म्हणालात, "मला एवढं इंग्रजी झेपत नाही. मराठीत सांग."

मी सांगायला लागले आणि तिसऱ्याच वाक्याला अडकले. 'या अनुभवाने माझ्यात लवचिकता निर्माण केली.' तुम्ही मेथीची जुडी बाजूला ठेवलीत. "हे कोण बोलतंय? तू असं कधी बोलतेस?" तुमचा आवाज जराही चढलेला नव्हता. मग तुम्ही एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारत राहिलात: "बाबांचं कळलं. तू काय केलंस?"

मला वाटत होतं, मी काहीच केलं नाही. पहाटे गाडी चालवली, एवढंच. पण तुम्ही खोदून विचारलंत तेव्हा वहीची गोष्ट निघाली. सेंटरमधून मिळालेला आहाराचा कागद ब्रेड आणि सूप खाणाऱ्यांसाठी होता. आमटी, ताक, चहा हे सगळं पाण्यातच मोजायचं, हे त्यात कुठे असणार? दोन डायलिसिसच्या मध्ये अंगात साठलेल्या पाण्याने बाबांचं वजन तीन-साडेतीन किलोंनी वाढायचं. मग मी वाट्या मापून वहीत टिपून ठेवायला लागले. बटाटा भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकायचं म्हणजे पोटॅशियम कमी होतं, लोणचं-पापड बंद, नारळ जपून. डाएटिशियनकडून तपासून घेऊन एक पान मराठीत लिहिलं. शेजारच्या खुर्चीवरच्या गुजराती आजोबांच्या सुनेने त्याची प्रत मागितली, तेव्हा ते पान हिंदीतही लिहिलं.

"आणि हे तुझ्या निबंधात नाही?" तुम्ही थक्क होऊन विचारलंत.

नव्हतं. बाबांच्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्यांवर, रोज बोटं ठेवून थरथर बघायची असते, तेही नव्हतं. पिठाच्या गिरणीच्या भिंतीला हात लावल्यावर जाणवते तशी ती थरथर. थांबली तर लगेच फोन करायचा. सहा महिने माझा दिवस त्या थरथरीने सुरू होत होता आणि मी लिहिलं होतं 'लवचिकता'.

मग तुम्ही विचारलंत, "त्या दिवसांत कॉलेजचं काय झालं?" काकू, तो प्रश्न मी घरात कोणालाच विचारू दिला नव्हता. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत मला सी मिळाला होता, आणि तो निबंधात कुठेही येऊ नये म्हणून मी जिवाचा आटापिटा केला होता. तुमच्यासमोर रडले. तुम्ही पाण्याचा पेला दिलात, आणि मी सगळं सांगून संपेपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. प्रोफेसरांना मी काहीच कळवलं नव्हतं, पुढच्या सेमिस्टरला मात्र बायोकेमिस्ट्रीच्या पहिल्याच आठवड्यात तिथल्या प्रोफेसरांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं, आणि तिथे ए मिळाला. "मग हेच लिही. ग्रेड त्यांना दिसणारच आहे. तू गप्प बसलीस तर ते आपल्या मनाने काहीतरी समजतील."

त्या रात्री मी आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत आणलं. दुःखाची विशेषणं गेली, वाट्या राहिल्या. १,३२५ अक्षरांत वही, ते पान, तो सी आणि प्रोफेसरांचं दार, एवढंच बसलं. एका मुलाखतीत समोरच्या डॉक्टरांनी इतर काही विचारायच्या आधी त्या पानाबद्दल विचारलं. ते स्वतः किडनीचे डॉक्टर होते. वीस मिनिटं आम्ही ताकावर आणि आमटीवर बोललो. त्याच कॉलेजात मी आज शिकते आहे.

"पूर्ण झाला की वाचून दाखव," असं तुम्ही तेव्हा म्हणाला होतात. अर्जाच्या धावपळीत ते राहूनच गेलं, आणि त्याची रुखरुख मला वर्षभर आहे. येत्या रविवारी बाबांना घेऊन येते. तो मराठी कागद जपून ठेवलाय, तोच वाचते.

तुमची,
समोरच्या इमारतीतली लेक