सर, तुमच्या नेलकटरसाठी थँक्यू

प्रिय सर,

तुम्हाला जाऊन आज महिना झाला. सकाळी महिन्याची मिस्सा, म्हणजे तुमच्यासाठीची चर्चमधली प्रार्थना, होती, चर्च भरून बाहेर अंगणात पण माणसं उभी होती. फादर खूप छान बोलले तुमच्याबद्दल, शिक्षक म्हणून, व्हॉलीबॉलचे कोच म्हणून, गरिबांना मदत करणाऱ्या विन्सेंट डी पॉल संस्थेचं काम म्हणून, सगळं खरंच आहे, पण मला जे सांगायचं होतं ते त्यात नव्हतं. माईकसमोर उभं राहून मला ते बोलताच आलं नसतं, घसा भरून आला असता. म्हणून इथे लिहितेय.

तुमच्या गळ्यात शिट्टी असायची आणि त्याच दोरीला एक नेलकटर. प्रॅक्टिसच्या आधी आम्ही सगळ्या पोरी रांगेत उभ्या राहून हात पुढे करायचो. ब्लॉकला उडी मारली आणि वाढलेलं नख नेटमध्ये अडकलं की काय होतं ते तुम्ही एकदाच सांगितलेलं, परत कोणी विचारलं नाही. आणि नेटची उंची मोजायचा तो बांबू! त्यावर ऑइल पेंटने दोन खुणा, वरची मुलांची २.४३ मीटर, खालची मुलींची २.२४. मी दुसरीकडे बघितलंय, मुलांसाठी बांधलेल्या नेटवरच मुलींना खेळवतात, कोण परत सोडून बांधत बसणार. तुम्ही रोज सोडून बांधायचे. १९ सेंटिमीटरसाठी, रोज, स्वतः.

पप्पांना अर्धांगवायू झाला ते १९९८ साल, आपला वसईचा धर्मप्रांत वेगळा झाला तेच वर्ष, म्हणून बरोबर लक्षात आहे. मी नववीत होते. त्याआधी पप्पा रोज पहाटेच्या लोकलने मालडब्यातून भाजी आणि मोगरा घेऊन दादरला जायचे, कधी खाडा नाही. एका रात्रीत उजवी बाजू गेली, बोलणं पण जड झालं.

त्या काळात कोण कोण आलं आणि कोण कोण नाही हे मी विसरलेले नाही. ज्यांच्या पोरांच्या लग्नात पप्पांनी आठ आठ दिवस राबून मांडव घातला ते नातेवाईक रस्ता बदलून जायला लागले. एका ऑफिसात आईला सांगितलं की पेशंटला स्वतः घेऊन या, तेही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आणि एका संस्थेची माणसं तांदळाची पिशवी घेऊन आली, उंबऱ्यातच उभी राहिली, आईच्या हातात पिशवी दिली, फोटो काढला, पिशवी नीट दिसली नाही म्हणून परत एक काढला आणि गेली. पप्पा खाटेवर होते, सगळं बघत होते. तांदूळ आम्ही खाल्ले, खोटं कशाला बोलू, पण आई त्या रात्री जेवली नाही.

म्हणून तुम्ही रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर एका काकांना बरोबर घेऊन आलात तेव्हा मी मागच्या दाराने पळून बावखलाच्या (तळ्याच्या) काठावर जाऊन बसले होते. मला वाटलं आता माझे कोच पण उंबऱ्यात उभे राहणार. थोड्या वेळाने खिडकीतून बघितलं तर तुम्ही खाली जमिनीवर बसलेले, पप्पांचे पाय कोमट पाण्याच्या बादलीत, आणि तुम्ही त्यांना विचारताय की पानवेलीला यंदा पाणी पुरलं का. पप्पांच्या पायांची नखं चार महिने कापली नव्हती सर. जाड झालेली, वळून मांसात शिरलेली, भेगांत अजून वाडीतली माती. आईचा हात धजत नव्हता आणि मला, खरं सांगते, किळस यायची आणि किळस येते म्हणून रडू यायचं. तुम्ही गळ्यातली दोरी काढली, तेच आमचं नेलकटर, एकेक पाय मांडीवर घेतला आणि दहाच्या दहा बोटांची नखं कापली, खाली पेपर अंथरून. अर्धा तास तरी लागला असेल. पप्पा तोतरं तोतरं बोलत होते, पाण्याबद्दल, पानांच्या भावाबद्दल, आणि तुम्ही प्रत्येक वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबत होतात. आजारपणानंतर पहिल्यांदा कोणी त्यांचं वाक्य तोडलं नाही. निघताना त्यांनाच विचारलंत, प्रार्थना करूया का? आणि त्यांनाच सुरुवात करायला लावली.

रेशन, माझी फी, हॉस्पिटलच्या फेऱ्या, ते सगळं तुम्ही नंतर केलंत, त्याची यादी मी करत नाही, तुम्हाला आवडणार पण नाही. पण पाच वर्षं, पप्पा जाईपर्यंत, दर पंधरा दिवसांनी नखं कापायला आलात. मैदानावर तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, पोरींच्या रांगेत माझे हात पण तसेच उलटसुलट करून बघितलेत, जसे बाकीच्यांचे.

तेव्हा जुना नियम होता, सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट. दहा दहा मिनिटं घाम गाळून स्कोअर हलायचा नाही आणि आम्ही वैतागायचो. तुम्ही साइडलाइनवरून ओरडायचे, "पॉइंट नाही तर नाही, सर्व्हिस आली ना आपल्याकडे?" मी हे वाक्य बोर्डाच्या परीक्षेला, नोकरी जाताना, बाळंतपणात, कुठे कुठे म्हटलंय ते माझं मलाच माहीत.

आज्ञा गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, येशूने शिष्यांचे धुतले तसे फादर बारा जणांचे पाय धुतात तेव्हा त्या बारांत तुम्ही मला कधीच दिसला नाहीत, तुम्ही कायम बाजूला बादली आणि टॉवेल धरून. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्या विधीत बायकांनाही घेण्याची परवानगी दिली, आणि नंतर आपल्याकडे आई बसली होती त्या रांगेत. तिचा पाय पुसायला टॉवेल पुढे केलात तेव्हा आई तुमच्याकडे बघून रडली, लोकांना वाटलं भक्तीने. भक्तीच होती ती, पण तिला खाटेवरचे पप्पा दिसत होते. माणूस चांगला आहे का नाही ते मला भाषणातून कळत नाही सर, तो आजाऱ्याच्या घरी गेल्यावर बसतो का उभा राहतो एवढंच मी बघते आता.

शेवटचं भेटायला आले तेव्हा तुम्ही कोणाला फारसे ओळखत नव्हता. सूनबाईंनी माझं नाव दोनदा मोठ्याने सांगितलं, काही नाही. मी हात हातात घेतला तर तुम्ही तो उलटा केलात, डोळे बारीक करून बघत राहिलात. भाचीचं लग्न झालेलं नुकतंच, नखं वाढवलेली होती मी, लाल नेलपॉलिश. तुम्ही नखावरून अंगठा फिरवलात आणि हळू पण एकदम स्पष्ट म्हणालात, "सर्व्हिस कशी करणार?"

घरी आल्या आल्या कापली, सर.

तुमचीच,
जर्सी नंबर सात