पानातला जड कार्बन

प्रिय अनिरुद्ध,

तुझं पत्र मिळालं. वर्षावनातली पानं वाळवून पाठवली आणि त्यांतला कार्बन-१३ मोजला, की कुठली वनस्पती प्रकाशसंश्लेषण कसं करते ते कळेल ना, असं तू विचारलंस. बरंचसं कळेल. पण पानं खुडायच्या आधी हे वाच, कारण हा आकडा बोलका असला तरी काही बाबतींत चक्क गप्प बसतो.

निसर्गातल्या कार्बनपैकी साधारण ९८.९ टक्के कार्बन-१२ आणि १.१ टक्के कार्बन-१३. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या विकराला (एन्झाइमला) या जड कार्बनचं वावडं आहे. निवडायला वाव मिळाला की ते हलका उचलतं. म्हणून हवेचा आकडा आज उणे ८.५ च्या आसपास असला, तरी बहुतेक झाडांचा उणे २७ च्या जवळपास येतो (ठरलेल्या प्रमाणापेक्षा कार्बन-१३ दर हजारी किती कमी, ते हा आकडा सांगतो; जितका जास्त उणे, तितका जड कार्बन कमी). ऊस, मका मात्र उणे १३ दाखवतात. त्यांच्यात हवेतला कार्बन आधी दुसरंच विकर पकडतं, ते फारशी निवड करत नाही. मग तो कार्बन शिरांभोवतीच्या बंदिस्त पेशींत सोडला जातो. तिथून बाहेर पडायला वाट जवळपास नाही, त्यामुळे रुबिस्कोला जे समोर येईल ते घ्यावंच लागतं.

उसाचं हे वेगळेपण आधी किरणोत्सारी कार्बन-१४ नं उघड केलं. पानाला काही सेकंद कार्बन-१४ असलेला कार्बन डायऑक्साइड द्यायचा, लगेच उकळत्या अल्कोहोलमध्ये मारायचं आणि खूण कुठल्या रसायनात गेली ते शोधायचं. १९६५ मध्ये हवाईत कॉर्टशॅक आणि सहकाऱ्यांना ती चार कार्बनांच्या आम्लांत सापडली. पुढच्याच वर्षी ब्रिस्बेनमध्ये हॅच आणि स्लॅक यांनी त्यामागची साखळी मांडली.

आता तुझ्या जंगलाकडे येतो. दाट छताखाली जमिनीलगतच्या पानांचा आकडा उणे ३५ पर्यंतही उतरतो. मातीतून श्वसनानं निघालेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये जड कार्बन मुळातच कमी असतो, तोच ही पानं पुन्हा घेतात. शिवाय उजेड कमी, त्यामुळे पानाच्या आत वायू भरपूर साठतो आणि रुबिस्कोला मनसोक्त निवड करता येते. एकाच झाडाचं शेंड्याचं आणि बुंध्याजवळचं पान वेगळं बोलतं ते यामुळे. पान किती उंचीवरचं हे पाकिटावर लिहिलं नाहीस, तर माझ्या हातात नुसता आकडा उरेल.

खरी मेख पुढे आहे. झाडांवर वाढणारे ऑर्किड, अननसाच्या कुळातल्या वनस्पती यांतल्या कित्येक रात्री पर्णरंध्रं उघडतात आणि कार्बन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात. जी जवळपास सगळा कार्बन रात्री घेते, ती उसासारखा आकडा दाखवते. पण थोडाच घेणारी? पनामात काम करणारे क्लाउस विंटर आणि जोसेफ होल्टम यांनी २००२ मध्ये दाखवलं, की रात्रीचा वाटा दहा टक्क्यांनी वाढला तर आकडा फक्त १.८ च्या आसपास सरकतो. म्हणजे रात्री वीस टक्के कार्बन घेणारी वनस्पती साध्या झाडांच्याच घोळक्यात बसेल आणि आपण तिला बिनधास्त चुकीच्या रकान्यात टाकू. क्लुसिया वंशातली काही झाडं तर परिस्थितीनुसार पद्धतच बदलतात. मला हा वंश फार आवडतो, कारण तिथे ‘ही वनस्पती अमुक प्रकारची’ असं म्हणायची सोयच राहत नाही.

यावरचा उपाय जुना आहे. बेंजामिन हाइन यांनी भारतात असताना पानफुटीची पानं चाखली होती. पहाटे आंबट, दुपारी बेचव! त्यांनी हे एका पत्रात कळवलं आणि ते १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीनं छापलं. आज जिभेऐवजी अनुमापन करतात (अल्कली थेंबथेंब घालून आम्ल मोजतात) इतकंच.

तेव्हा प्रत्येक वनस्पतीची पानं दोनदा घे, सूर्यास्ताच्या वेळी आणि पहाटे उजाडायच्या आत. ती लगेच गोठव, आम्ल त्यांच्यात मोजू. कार्बन-१३ साठी वेगळं पान वाळवून पाठव. त्यातला मिलिग्रॅमभर चुरा कथिलाच्या इवल्याशा डबीत चिमट्यानं मिटून जाळला, की निघालेल्या वायूतले ४४ वस्तुमानाचे (कार्बन-१२ चे) आणि ४५ वस्तुमानाचे (मुख्यतः कार्बन-१३ चे) रेणू यंत्र वेगळे मोजतं. इतका कमी चुरा लागतो म्हणून वनस्पतिसंग्रहातल्या जुन्या नमुन्याचा कोपराही चालतो. ऑर्किड मात्र आधी पाठव, त्यांचीच मला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे.

तुझा,
माधव